क्षमा केली, फिर्याद मागे घेतली नाही

प्रार्थना सुरू होऊन पाऊण तास झाला असेल. नगर जिल्ह्यातल्या एका गावात माझ्या मावशीची ओसरी. दोन सतरंज्या, एक पेटी, कडा झिजलेली ‘उपासना संगीत’ची चार पुस्तकं आणि अठरा-वीस माणसं. त्यात निम्म्याहून जास्त बायका, तीन पोरं मांडीवर झोपलेली. दारात सात-आठ तरुण येऊन उभे राहिले. दोघांनी मोबाइल वर धरलेले. एकाने विचारलं, “माणशी किती देता रे?”

पाळकसाहेब गप्प. मी पुण्याहून गेलेला पाहुणा, मीही गप्प. मावशी गुडघ्यावर हात टेकत उठली, खिळ्याला लावलेली दानाची थैली काढली आणि त्याच्यापुढे धरली. “बाळा, इथं देत न्हाईत, घेत्यात. टाक धा रुपये.”

त्यांच्यातलेच दोघे फिस्सकन हसले. मला वाटलं, मिटलं. मिटलं नाही. पाच मिनिटांत पेटी ओसरीवरून अंगणात गेली, तिच्या चार पट्ट्या निखळल्या, पाळकांच्या सदऱ्याची बटणं तुटली, आणि “पुन्हा लोक जमवलेस तर घर राहणार नाही” असं मावशीला बजावून ती पोरं मोटारसायकलींवर बसून गेली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या वेळी दोन तट पडले. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय, तेव्हा गाजावाजा नको, पेटी आपण वर्गणीतून दुरुस्त करू. एका तरुणाने तर थेट तुकोबांचा आधार घेतला. नाठाळाच्या माथी काठी हाणायला संतांनीच सांगितलंय, म्हणाला, आणि आपणही मराठीच आहोत. लोक हसले, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. आजही पटत नाहीत. सोसणं आणि क्षमा करणं या दोन गोष्टी आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी इतक्या एकत्र कालवल्यात, की अन्यायाची तक्रार करणं हे आपल्याला अविश्वासाचं लक्षण वाटतं. दुसरीकडे, कोणी साधा प्रश्न विचारला तरी आपल्याला छळ झाल्यासारखं वाटतं. जिथे बोलायचं तिथे गप्प, जिथे ऐकायचं तिथे ओरड. विरोधाला ख्रिस्ती माणसाचं उत्तर काय, याचा घोळ इथेच आहे.

आधी त्या गालाबद्दल. मत्तयाच्या शुभवर्तमानात उजवा गाल म्हटलंय. समोरच्या उजव्या हाताने मारलेली थप्पड उजव्या गालावर बसायची तर ती हाताच्या पालथ्या बाजूचीच असणार, म्हणजे मारापेक्षा अपमान जास्त, असा या ओळीचा एक अर्थ लावतात. अर्थ कोणताही घ्या, खुद्द प्रभूला जेव्हा प्रमुख याजकाच्या घरी शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा त्याने काय केलं ते योहानाने लिहून ठेवलंय. त्याने दुसरा गाल पुढे केला नाही आणि हातही उचलला नाही. त्याने प्रश्न विचारला: मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, चांगलं बोललो असेन तर मला का मारतोस? पुराव्याची मागणी करणारा हा माणूस नंतर क्रुसावरून “बापा, त्यांना क्षमा कर” म्हणाला. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, आणि त्यांच्यात एका दिवसाचंही अंतर नाही.

पौलाचं तर विचारूच नका. नव्या करारातला सगळ्यांत चिवट तक्रारदार तोच. फिलिप्पैमध्ये चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या. आमचे वडीलधारे असते तर “प्रभूची स्तुती असो” म्हणून मागच्या दाराने घरी आले असते. पौलाने अडून सांगितलं की आम्ही रोमन नागरिक, चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. ते आले. पुढे यरुशलेमात चाबूक उगारला जात असताना त्याने शताधिपतीला कायदा विचारला, आणि रोमन सुभेदार फेस्ताच्या दरबारात थेट कैसराकडे अपील केलं. हा तोच माणूस, जो रोमकरांना लिहितो की वाइटाची फेड वाइटाने करू नका. त्याला त्यात विसंगती दिसली नाही. आपल्याला का दिसते, हा खरा प्रश्न आहे.

मला वाटतं, त्याचं कारण धर्मशास्त्रात नाही, संख्येत आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती साधारण १०.८ लाख, म्हणजे शंभरात एकही धड नाही. त्यातले बरेचसे मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात. नगर, जालना, औरंगाबादकडच्या खेड्यांत दोन-चार घरं, तीही बहुतेक गावकुसाच्या आठवणी अंगावर असलेली. अशा घराला गावाशी वैर परवडत नाही. दळण त्याच गिरणीत, दूध त्याच डेअरीत, पोराचा दाखला त्याच ग्रामपंचायतीतून. मग भीतीला आपण नम्रतेचं नाव देतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, भीती सगळ्यांनाच वाटते. पण तिला वचनाचा आधार देऊ नये, एवढंच.

आम्ही फिर्याद द्यायला गेलो तेव्हा ठाण्यात तीन तास बसलो. अंमलदार सज्जन होता, चहा मागवला, आणि म्हणाला, “मावशी, गावात राहायचंय ना तुम्हाला? कशाला वाढवता?” मग म्हणाला, घरात असं लोक जमवायला परवानगी काढली होती का? मी विचारलं, सत्यनारायणाला काढावी लागते का? त्याने माझ्याकडे बघितलं आणि अदखलपात्र नोंद करून देतो म्हणाला. ओळखीच्या वकिलाने फोनवर सांगितलं, एन.सी., म्हणजे ही अदखलपात्र नोंद, घेऊन उठू नका. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, उपासनेसाठी कायदेशीर रीतीने जमलेल्या सभेत मुद्दाम व्यत्यय आणणं हा कलम ३००चा गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच २९६ होतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफ.आय.आर. नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलंय. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आमचं पोस्टापर्यंत गेलं नाही. कलमाचा आकडा ऐकल्यावर अंमलदाराने वही बदलली.

हा कायदा ख्रिस्ती लोकांसाठी केलेला नाही. हे कलम इंग्रजांच्या वेळेपासून आहे, आणि ते कीर्तनाला, उरुसाला, बुद्धवंदनेला सारखंच लागू आहे. ते वापरणं म्हणजे गावाशी वैर नव्हे. उलट, न वापरता मनात डूख धरून बसणं हे जास्त वैराचं.

इथवर वाचून आमच्यातले काही जण खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचं.

आपल्यात एक खोड आहे. जे काही आपल्याविरुद्ध जाईल त्याला ‘छळ’ म्हणायचं. रात्री साडेदहाला लाउडस्पीकर बंद करा म्हणून शेजारी ओरडला, की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर ‘अमुक गावी मंडळीवर हल्ला, प्रार्थना करा’ फिरू लागतं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांना आहे. गणपतीवाले तो मोडतात हे खरं, म्हणून आपण मोडायचा? पेत्राच्या पहिल्या पत्रात एक वाक्य आहे, त्यावर मी कधी उपदेश ऐकलेला नाही. ख्रिस्ती म्हणून दुःख भोगावं लागलं तर लाजू नका, पण खुनी, चोर, दुष्कर्मी म्हणून भोगण्याची वेळ आणू नका, असं पेत्र सांगतो, आणि त्याच यादीत शेवटी बसवतो दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्याला. खुनी आणि चोराच्या रांगेत लुडबुड्या! पेत्राला मंडळ्यांचा चांगला अनुभव असावा.

गावोगाव ‘चंगाई महोत्सव’ भरतात. फलकावर लिहिलेलं असतं, कॅन्सर बरा, मधुमेह बरा, करणी-बाधा बंद. मी प्रार्थनेने माणूस बरा होऊ शकतो असं मानतो, माझ्या आईच्या बाबतीत मानलंय. पण ‘औषध बंद करा’ असं स्टेजवरून सांगणारा माणूस आणि अंगारा देणारा बुवा यांच्यात कायद्याच्या नजरेने फरक नाही, आणि नसावा. औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा १९५४ पासून आहे, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून. अंधश्रद्धा निर्मूलनवाला येऊन अशा पाळकाला प्रश्न विचारतो तेव्हा तो ख्रिस्ताचा विरोधक नसतो. बऱ्याचदा तो आपलं काम करत असतो, जे आपणच करायला हवं होतं. दुसऱ्यांच्या देवांना सैतान म्हणणारी पत्रकं वाटणाऱ्यांबद्दलही माझं हेच मत आहे. तुम्ही कोणाच्या आईला नावं ठेवायची आणि तो चिडला की ‘तुमचा छळ होईल’ सांगणारा मत्तय दहावा अध्याय उघडायचा, हे चालायचं नाही.

आणि इतिहास. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मधला एक छोटा खंड सोडला तर अडीचशे वर्षं. १६८४ मध्ये तिथे कोंकणी बोलण्याविरुद्ध फर्मान निघालं. वसईचा किल्ला चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये घेतला, तिथल्या चर्चच्या घंटा काढून देवळांत टांगल्या गेल्या. नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. मी लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा मास्तरांनी ती दाखवली होती. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, जणू माझ्या खिशातून कोणीतरी ती काढून नेली होती. त्या वेळी मला राग आला होता. आता वाटतं, त्या घंटेचा आवाज ज्यांना पोर्तुगिजांच्या काळात ऐकावा लागला, त्यांतल्या कित्येकांना तो प्रार्थनेचा वाटला नसेल. कोणी हे तोंडावर फेकलं तर “ते पोर्तुगीज होते, आम्ही नव्हतो” एवढंच उत्तर पुरत नाही. ते झालं, वाईट झालं, क्रूस हातात धरून झालं. एवढं म्हणून टाकलं की पुढचं बोलणं माणसांत होतं. (आणि हो, ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सच्या मराठीच्या स्तुतीचं कडवं प्रत्येक वेळी प्रमाणपत्रासारखं पुढे करणं आता पुरे. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज माणसाने आपल्या मराठीपणाची जामीनकी का द्यायची?)

विरोधकाला उत्तर देण्याची सवय मराठी मुलखात एकेकाळी होती. १८५७ साली, जानेवारीपासून मेपर्यंत, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद रंगत. बुवा वेदोक्त धर्माचे कैवारी, समोर जॉर्ज बोवेनसारखे लोक, भोवती वाळूत बसलेली गर्दी. बोवेनने नंतर त्या वादांचा वृत्तान्त छापला. देशात उत्तरेला बंडाचा वणवा पेटायच्या त्याच दिवसांत इथे लोक एकमेकांच्या देवांवर तोंडाने भांडत होते. ते फार सौम्य होतं असं नाही. पण समोरचा माणूस उत्तर देण्याच्या लायकीचा आहे, हे दोघांनी धरलेलं होतं. नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी तर ख्रिस्ती मताचं खंडन करायला संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आमच्याकडे मोठ्या चवीने सांगतात. मला ती सांगण्यातला सूर आवडत नाही. ‘आज शिव्या देतोय, उद्या आपलाच होईल’ अशा हिशेबाने जो गोड बोलतो, तो समोरच्यावर प्रेम करत नाही, गळ टाकून बसलेला असतो. शास्त्रीबुवा शेवटपर्यंत विरोधक राहिले असते तरी त्यांच्या ग्रंथाला उत्तर देणं भागच होतं.

पंडिता रमाबाईंकडे बघा. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा मुली शिकू लागल्या. बाई स्वतः ख्रिस्ती, सदनात धर्मशिक्षण नाही असा करार. पण त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. एवढ्यावरून पुणं पेटलं. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. रानडे-भांडारकर म्हणजे काही दंगेखोर नव्हेत, प्रार्थना समाजातली माणसं. त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. लोकांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या, तो विश्वास मोडतोय असं त्यांना वाटलं. मी पालक असतो तर मलाही वाटलं असतं. बाईंनी काय केलं? दार बंद केलं नाही. कोणाला आत ओढलंही नाही. माझी प्रार्थना मी चोरून करणार नाही, एवढ्यावर त्या उभ्या राहिल्या आणि त्याची किंमत मोजली.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती १८९७ची गोष्ट. पुण्यात प्लेग आला होता. प्लेगच्या छावणीत बायकांची जी आबाळ आणि विटंबना चालली होती, तिच्याबद्दल बाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, सरकारवर बोट ठेवून. गव्हर्नर सँडहर्स्ट संतापले, हे सगळं चुकीचं आहे म्हणाले. म्हणजे ज्या बाईला पुणं इंग्रजांची हस्तक म्हणत होतं, ती इंग्रज सरकारशी भांडत होती, आणि तेही पुण्याच्याच बायकांसाठी. आपल्या देशभक्तीचा खुलासा देणारं पत्रक तिने काढलं नाही. आज आमच्यावर ‘परकीय धर्म’ हा शिक्का मारला की आम्ही लगेच झेंडावंदनाचे फोटो पाठवतो. त्यापेक्षा गावच्या पाण्याच्या रांगेत भांडायला उभं राहिलेलं बरं.

या बाईंचं दुसरं टोकही सांगायला हवं. इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडत. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, इथपासून. विरोध बाहेरूनच येतो असं नाही, चर्चच्या आतून येणाराही असतो, आणि त्यालाही मान न तुकवता उत्तर द्यावं लागतं. कवी ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीला मिशनची नोकरी सोडली ती याच घुसमटीतून.

टिळकांना घरातच विरोध झाला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंना न सांगता. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. लक्ष्मीबाईंच्या आठवणी ज्याने वाचल्यात त्यालाही ते जड जाईल. त्यानंतर चार-साडेचार वर्षं नवरा-बायको वेगळे. बाईंच्या नातेवाइकांच्या दृष्टीने टिळक मेल्यात जमा. टिळकांनी या काळात पत्रं लिहिली, चिडले, रुसले, कविता केल्या, पण पोलीस-वकील करून बायकोला ओढून आणलं नाही. ती नगरला आली ती स्वतःच्या पायाने, आणि आल्यावरही सोवळं-ओवळं पाळत, चूल वेगळी मांडून. आधी तिच्या मनातली जात गेली, मग १९०० साली बाप्तिस्मा. घरच्यांच्या विरोधाला घाईचं उत्तर नसतं. आजही धर्म बदललेल्या मुलाच्या आईचं रडणं हा ‘छळ’ नाही. तिचं काहीतरी खरंच हरवलेलं असतं.

आता धर्मांतराकडे येऊ, कारण सगळ्या विरोधाची मुळी तीच. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचा ‘प्रसार’ करण्याचा हक्क आहे. घटना समितीत ६ डिसेंबर १९४८ला त्या एका शब्दावर बरीच खडाजंगी झाली आणि शब्द राहिला. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्या लोकांना हा निकाल बोचतो. मला त्यातलं ते वाक्य बोचत नाही. माणूस माणसाचं अंतःकरण पालटू शकत नाही, ते काम पवित्र आत्म्याचं, हे तर आम्ही दर रविवारी म्हणतो. न्यायमूर्तींनी वेगळ्या कारणाने तेच म्हटलं. माझा आक्षेप दुसरा आहे. ज्याला बदलायचंय त्याच्या सदसद्विवेकाचा हक्क कोणी मोजायचा? धर्म बदलण्याआधी सरकारी कचेरीत अर्ज द्यायचा, मग गावाने हरकती नोंदवायच्या, अशा धर्तीचे कायदे काही राज्यांनी केलेत. त्यात ‘बळजबरी’ आणि ‘आमिष’ या शब्दांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. बळजबरीने केलेला ख्रिस्ती हा ख्रिस्ताचाही अपमान. पण मनाच्या निर्णयाला तहसीलची मुदत लावणं हे कोणत्याच धर्माच्या माणसाला मान्य होऊ नये.

आणि आमिषाबद्दल बोलायचंच तर आकड्यांत बोलू. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. म्हणजे नगर-जालन्याकडचं एखादं मांग किंवा महार कुटुंब कागदोपत्री ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती, त्यांच्या राखीव जागा, राजकीय आरक्षण, अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळं सोडतं. गावाने मात्र जात सोडलेली नसते. हे आमिष असेल तर उलट्या दिशेचं आहे. आमच्या आजोबांच्या वेळी म्हणत, मिशनऱ्यांनी विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेले सगळे बाटले. आता तांदळाची पोती म्हणतात. पाव काय, तांदूळ काय, या दोन्ही टोमण्यांत एक गृहीत आहे की गरीब माणसाला पोट असतं, मन नसतं. चीड यावी ती याची. आपल्याला शिवी दिली म्हणून नव्हे, आपल्या आजीला स्वतःचं डोकं नव्हतं असं म्हटलं म्हणून.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०१९ मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा काही संघटनांनी काहूर माजवलं. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कशाला? हे त्या माणसाबद्दल, ज्याने वर्षानुवर्षं ‘सुवार्ता’ मासिक चालवलं आणि ‘सुबोध बायबल’ लिहून साहित्य अकादमीचा पुरस्कार घेतला. जानेवारी २०२० मध्ये ते आजारी अवस्थेत उस्मानाबादला गेले, बोलायचं ते बोलले. मला मात्र त्यांचं त्याआधीचं काम जास्त बोलकं वाटतं. हरित वसईच्या आंदोलनात ते जमीन आणि पाणी पळवणाऱ्यांविरुद्ध उभे राहिले तेव्हाही विरोध झाला, आणि तो कडवा होता. पण तो त्यांच्या झग्याला नव्हता, आणि त्यांनीही तो झग्याला झालाय असं दाखवलं नाही. सोबत हिंदू वाडवळ होते, आगरी होते. आपल्याला झालेला प्रत्येक विरोध ख्रिस्ताच्या खात्यावर मांडायचा नसतो, एवढा विवेक फार कमी लोकांना असतो.

राहिली क्षमा. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जाळण्यात आली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, हे सगळ्यांना आठवतं. आमच्या उपदेशांत त्यांचं उदाहरण वर्षातून दोनदा तरी येतं. पुढचं येत नाही. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या. खटला चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारासिंगला फाशी, २००५ मध्ये उच्च न्यायालयात ती जन्मठेपेवर आली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बाई हत्येनंतरही काही वर्षं बारिपद्यात कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. क्षमा त्यांच्या हातातली होती, ती त्यांनी दिली. शिक्षा न्यायालयाच्या हातातली, तिच्यात त्यांनी लुडबुड केली नाही. पेत्राचा सल्ला त्यांनी असा उलट बाजूने पाळला म्हणायचा.

मावशीला हे सगळं कोणी सांगितलेलं नाही. तिने फिर्यादीवर अंगठा नाही, सही केली, चौथी शिकलेली आहे ती. गावातले दोन-तीन जण मध्यस्थीला येऊन गेले: पोरांचं पोलीस भरतीचं वय आहे, केस राहिली तर आयुष्य जाईल. तिने विचारलं, “पेटी कोण भरून देणार? आन पाळकाची माफी कोण मागणार?” पेटीचे पैसे आले. माफीला कोणी आलं नाही. तिने फिर्याद मागे घेतली नाही. तिची प्रत बायबलात ठेवली आहे, स्तोत्रसंहितेच्या पानात. कुठल्या स्तोत्रात ते मी बघितलं, पण सांगत नाही.

नाताळात मी गेलो तेव्हा ती करंज्यांचं ताट भरत होती. ज्या पोराने “किती देता” विचारलं होतं, त्याच्याच घरी द्यायला. दरवर्षी जातं म्हणाली, त्याची आजी आणि ती एकाच बांधावर खुरपायला जायच्या. मी म्हटलं, तारीख पडलीये महिन्याभराने, आणि तू करंज्या देतेस? तिने मला असं बघितलं, जसं मी दोन वेगळ्या पोत्यांतलं धान्य एकत्र ओतायला सांगितलंय.

ताट त्या घराने घेतलं. पण रीतीप्रमाणे काही घालून परत आलं नाही, रिकामंही आलं नाही. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, स्टीलचं ताट हाय, तुझ्या मावसाचं नाव घातलंय त्याच्यावर. जातंय कुठं.